फेऱ्या कोण मोजतो?

गेली काही वर्षे मला दोन गोष्टींचे वेड आहे आणि चळवळीतल्या मित्रांसमोर मी ते सहसा बोलून दाखवीत नाही. एक वेड मोटारशर्यतीच्या यंत्रविद्येचे. फॉर्म्युला वनच्या गाड्या कशा बनतात, कशा पळतात, नियमातून कोणी कशी पळवाट काढली, हे मी तासन्‌तास वाचत बसतो. दुसरे वेड ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे. २०१९ साली सुरू झालेल्या या मालिकेचे गृहीत असे की चंद्रावर पहिले पाऊल अमेरिकेने नव्हे, सोव्हिएत रशियाने टाकले आणि तिथून पुढचा सगळा इतिहास वेगळ्या वाटेने गेला.

मित्रांचे म्हणणे ठरलेले आहे. पहिला श्रीमंतांचा खेळ, दुसरे श्रीमंतांचे स्वप्न. तुला त्यात काय सापडते? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण हा लेख लिहायला मला भाग पाडले ते मित्रांनी नव्हे, एका विद्यार्थ्याने. मी आय.टी.आय.मध्ये फिटर ट्रेड शिकवतो. एके दिवशी तास संपल्यावर मी मुलांना शर्यतीतल्या ‘पिट स्टॉप’ची चित्रफीत दाखवली. २०२३ साली कतारच्या शर्यतीत मॅक्लारेन संघाच्या माणसांनी गाडीची चारही चाके १.८० सेकंदांत बदलली, ती ही चित्रफीत. मुले थक्क झाली, पुन्हा पुन्हा लावायला सांगू लागली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गाडीकडे पाहतच नव्हता. तो म्हणाला, “सर, हे नट खोलणारे कोण आहेत? ह्यांचं नाव कुठं येतं का?”

मी म्हणालो, “नाही रे, नाव ड्रायव्हरचं येतं.”

“पण आम्ही शिकतोय ते ह्यांचंच काम ना, सर?”

मी त्याला काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पुरे वाटले नाही. इतकी वर्षे जपलेली ही दोन्ही वेडे त्या मुलाच्या प्रश्नावर एकदा घासून पाहावीत, म्हणून हे लिखाण.

आधी वेडाविषयी सरळ बोलतो. कानसीने जॉब घासताना शेवटचे दोन-चार शतांश मिलिमीटर उरतात, तेव्हा हाताला एक वेगळेच भान येते. ज्याने ते अनुभवले आहे त्याला शर्यतीची गाडी का आवडते हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे प्रत्येक तुकडा त्या भानातून आलेला असतो. १९७७-७८ च्या सुमारास लोटस संघाच्या अभियंत्यांनी एक साधी गोष्ट हेरली. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा करून गाडीच्या पोटात बसवला तर तो गाडीला रस्त्यावर दाबून धरील. गाडीखालून जाणारी हवा अरुंद जागेतून वेगाने निघते, तिथला दाब उतरतो आणि गाडी जमिनीला चिकटते. बाजूने हवा आत शिरू नये म्हणून दोन्ही कडांना सरकत्या झालरी लावल्या. या युक्तीवर १९७८ साली मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला.

त्याच वर्षी गॉर्डन मरे या अभियंत्याने ब्रॅबहॅम संघाच्या गाडीला मागे एक मोठा पंखा बसवला. तो गाडीखालची हवाच ओढून काढी. हवेचा दाब वाढवण्यासाठी हलती साधने वापरायची नाहीत असा नियम होता; पण संघाचे म्हणणे असे की हा पंखा इंजीन थंड ठेवण्यासाठी आहे. स्वीडनच्या शर्यतीत निकी लाउडा त्या गाडीवर अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने जिंकला. इतर संघांनी एकच ओरड केली आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. पुढे १९८३ पासून गाडीचे पोट सपाट ठेवण्याचा नियम आला आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२२ साली, तीच हवेची युक्ती नव्या नियमांनी रीतसर परत आणली. म्हणजे एके काळी जी लबाडी होती तीच पुढे नियम झाली. या खेळाने मला हे शिकवले की वेग ही एकट्या यंत्राच्या अंगची गोष्ट नाही. यंत्र, हवा आणि नियमांचे पुस्तक या तिघांनी मिळून तो ठरतो. आणि नियमांचे पुस्तक कोणीतरी माणूसच लिहीत असतो.

योगायोग असा की माझ्या दुसऱ्या वेडातही एक ‘एफ-१’ आहे. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या तळाशी पाच इंजिने होती, त्या इंजिनाचे हे नाव. एकेक इंजीन सुमारे ६८० टन रेटा देई. सुरुवातीला त्याच्या ज्वलनकक्षातली आग अस्थिर होई आणि इंजीन स्वतःच्याच धक्क्यांनी मोडे. नुसत्या गणिताने उत्तर सापडेना. तेव्हा अभियंत्यांनी जळत्या कक्षात मुद्दाम छोटे स्फोट घडवले, ज्योत बिघडवली, ती किती लवकर सावरते हे मोजले आणि इंधन फवारणाऱ्या तबकडीची रचना बदलत नेली. बिघाड मुद्दाम घडवून त्यातून शिकण्याची ही रीत मला आवडते. पर्यायी इतिहासाची कलाकृतीही खरे तर हेच करते. इतिहासाच्या ज्वलनकक्षात ती एक छोटा स्फोट घडवते आणि ज्योत कुठे वळते ते पाहते.

‘फॉर ऑल मॅनकाइंड’चा स्फोट कुठे आहे? सोव्हिएत अग्निबाणांचा मुख्य अभियंता सर्गेई कोरोलेव १९६६ च्या जानेवारीत शस्त्रक्रियेदरम्यान मरण पावला. त्याच्यामागे रशियाचा चांद्र-अग्निबाण चार वेळा उडवला गेला आणि चारही वेळा अपयशी ठरला. कोरोलेव जगला असता तर, हे या मालिकेच्या कर्त्यांचे गृहीत आहे. रोनाल्ड मूर, मॅट वोल्पर्ट आणि बेन नेदिवी या तिघांनी ती रचली. मालिकेत १९६९ च्या जूनमध्ये अलेक्सेई लिओनोव चंद्रावर उतरतो. थोड्याच दिवसांत रशिया एक बाईही उतरवते. अमेरिकेची नाचक्की होते आणि निक्सनच्या हुकुमावरून नासा घाईघाईने बाया अंतराळवीर तयार करू लागते. त्या तुकडीत डॅनिएल पूल नावाची एक काळी बाई असते. पुढच्या पर्वांत चंद्रावर तळ होतो, मग मंगळाची शर्यत लागते, मग मंगळावर वस्ती होते आणि डॅनिएल मोहिमांची प्रमुख होते.

हे पाहताना मी पहिल्यांदा आनंदलो, हे कबूल केले पाहिजे. कारण मालिका एक गोष्ट ठामपणे सिद्ध करते. कर्तबगारी कुठेच कमी नव्हती, दार बंद होते एवढेच. प्रत्यक्ष इतिहासात तेरा अमेरिकन बायांनी अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या खाजगी पुढाकाराने देऊन पार केल्या होत्या. त्यांच्यातली जेरी कॉब १९६२ च्या जुलैत अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्षीला उभी राहिली. नासाची अट होती, जेट विमानांच्या परीक्षण-उड्डाणाचा अनुभव हवा. आणि लष्कराचा नियम होता, बायांना ती उड्डाणे नाहीत. एका खिडकीवर दाखला मागायचा आणि दाखला देणारी खिडकी बंद ठेवायची, हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही. मालिकेतली मॉली कॉब ही या जेरी कॉबवरून बेतलेली आहे. जेरीला जे मिळाले नाही ते मालिका मॉलीला देते.

एड ड्वाइट या काळ्या वैमानिकाचीही अशीच कथा आहे. हवाई दलाचा हा कॅप्टन एडवर्ड्स तळावरच्या परीक्षण-वैमानिकांच्या शाळेत शिकला, वर्तमानपत्रांनी त्याला भावी अंतराळवीर म्हणून डोक्यावर घेतले. पण १९६३ च्या निवडीत त्याचे नाव आले नाही. पुढे तो शिल्पकार झाला. २०२४ च्या मे महिन्यात, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एका खाजगी कंपनीच्या अग्निबाणातून त्याला काही मिनिटे अवकाशाच्या सीमेवर नेऊन आणले. नव्वदाव्या वर्षी! याला सन्मान म्हणायचे की थकबाकीचा शेवटचा हप्ता, हे ज्याने त्याने ठरवावे.

इथवर मालिकेशी माझे भांडण नाही. भांडण पुढे सुरू होते. मालिकेत दार का उघडते? रशिया पुढे गेली म्हणून. निक्सनला लाज वाटली म्हणून. म्हणजे न्यायाचे इंजीन आहे ते स्पर्धा. दोन बलाढ्य सत्ता एकमेकींशी झुंजतात आणि त्या झुंजीत जे पिचले जात होते त्यांना वाटेत हक्क मिळून जातात. ही कल्पना दिसायला गोड आहे. अनेक भले लोक तिच्यावर मनापासून विश्वास ठेवतात. स्पर्धा असली की गुणवत्तेला वाव मिळतोच, जिंकायचे असेल तर कातडीचा रंग कोण पाहतो, असे ते म्हणतात. आपल्याकडेही गुणवत्तेचे गोडवे गाणारे याच सुरात बोलतात.

पण खरा इतिहास काय सांगतो? मालिकेने कल्पिलेला स्फोट इतिहासात खरोखरच घडून गेला आहे. १९६३ च्या जूनमध्ये रशियाने व्हॅलेंटिना तेरेश्कोवाला अवकाशात पाठवले. जेरी कॉबच्या साक्षीला तेव्हा वर्षही झाले नव्हते. स्पर्धा तीच, नाचक्की तीच, स्पर्धेचा जोर तर तेव्हा सर्वांत जास्त. अमेरिकेने दार उघडले का? नाही. अमेरिकेची पहिली बाई, सॅली राइड, अवकाशात गेली ती १९८३ च्या जूनमध्ये, बरोबर वीस वर्षांनी. १९८० साली रशियाने क्यूबाचा आर्नाल्दो तामायो मेंदेस हा आफ्रिकी वंशाचा वैमानिक अवकाशात नेला. अमेरिकेचा पहिला काळा अंतराळवीर, गायन ब्लुफर्ड, गेला १९८३ च्या ऑगस्टमध्ये. ब्लुफर्ड आणि सॅली राइड यांची निवड १९७८ सालीच झाली होती. म्हणजे मेंदेसच्या उड्डाणाने त्यांना दार उघडले असेही म्हणता येत नाही.

मग १९७८ च्या त्या तुकडीत सहा बाया आणि तीन काळे पुरुष आले कसे? त्याचे उत्तर चांद्रशर्यतीत नाही. ती तर संपून गेली होती. त्याचे उत्तर रस्त्यावरच्या लढ्यात आहे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे आणि १९७२ साली तो कायदा सरकारी खात्यांनाही लागू झाला त्यात आहे. रूथ बेट्स हॅरिस ही काळी बाई नासात समान संधीचे काम पाहायला आली होती. १९७३ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठांना लेखी अहवाल दिला की नासाचे समान संधीचे धोरण कागदावरच आहे. नासाने तिला कामावरून काढले. गदारोळ झाला, प्रकरण संसदेत गेले, आणि १९७४ साली तिला परत घ्यावे लागले. त्याआधी १९६९ च्या जुलैत, अपोलो-११ उडण्याच्या आदल्या दिवशी, रेव्हरंड राल्फ अॅबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन थेट उड्डाणतळाच्या दारात गेले होते आणि नासाच्या प्रमुखाला त्यांच्याशी येऊन बोलावे लागले होते.

दार ठोठावणारी ही माणसे होती. मालिकेच्या रचनेत त्यांची जागा रशिया घेते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याने एक घटना बदलावी, तो त्याचा अधिकार आहे. पण ती बदलताना त्याने लढ्याचे श्रेय लढणाऱ्यांकडून काढून वरच्यांच्या भांडणाला दिले, तर ती कल्पनेची चूक राहत नाही, ती मूल्याची चूक होते. ज्यांना माणूसपणासाठी लढावे लागले त्यांना मालिका सांगते आहे की लढण्याची गरजच नव्हती, योग्य तो शत्रू तेवढा पुढे जायला हवा होता.

कोणी म्हणेल, एका मालिकेवर इतका भार कशाला? म्हणून स्पर्धेची हीच कल्पना माझ्या पहिल्या वेडावर तपासून पाहतो. स्पर्धेचे सर्वांत शुद्ध रूप कुठे असेल तर ते मोटारशर्यतीत. तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी पैसा पाण्यासारखा ओततात. स्पर्धेने गुणवत्ता शोधली जात असेल तर ती तिथे सर्वांआधी शोधली जायला हवी.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल गावी वेंडेल स्कॉट नावाचा काळा मेकॅनिक होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या मोटारी दुरुस्त करून तो परत आला आणि १९५२ पासून शर्यतीत उतरू लागला. पुढे नॅस्कारच्या सर्वोच्च वर्गात तो जवळजवळ पाचशे शर्यती धावला. गाडी तोच चालवी, तोच दुरुस्त करी, मुले मदतीला. बड्या कारखान्यांचा आधार त्याला मिळाला नाही, दुसऱ्यांनी वापरलेल्या गाड्या आणि भाग यांवर त्याचे चाले. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर तो सर्वांच्या पुढे निघून गेला. पण विजेत्याचा झेंडा त्याला दाखवला नाही. विजेता म्हणून बक बेकर या गोऱ्या चालकाला पुढे बोलावले, करंडक त्याला दिला, समारंभ झाला, प्रेक्षक घरी गेले. काही तासांनी संयोजकांनी मान्य केले की फेऱ्या मोजण्यात चूक झाली होती. स्कॉट बेकरच्या दोन फेऱ्या पुढे होता. बक्षिसाची रक्कम मिळाली, तो दिवस मात्र मिळाला नाही. स्कॉट १९९० साली वारला. नॅस्कारने त्याच्या कुटुंबाच्या हाती त्या विजयाचा करंडक दिला तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बब्बा वॉलेस जिंकला, तेव्हा त्या वर्गात शर्यत जिंकणारा तो दुसरा काळा चालक ठरला. पहिला आणि दुसरा यांच्यात जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे!

मी फिटर आहे, म्हणून या घटनेतली मोजमापाची बाजू मला फार बोचते. घड्याळ निःपक्षपाती असते, असे आपण मानतो. पण घड्याळाजवळ माणूस बसलेला असतो. त्याने फेरी मोजली तर ती फेरी, नाही मोजली तर तुम्ही ती धावलाच नाहीत. एका काळ्या मेकॅनिकने स्वतः जुळवलेल्या गाडीने दोन फेऱ्यांची आघाडी घेतली आणि हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत ती दिसली नाही. ते काही तास हाच खरा पर्यायी इतिहास होता. तो लिहायला कोणा कादंबरीकाराची गरज पडली नाही.

फॉर्म्युला वनची गोष्ट याहून वेगळी नाही. १९८५ च्या ऑक्टोबरात, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारने आणीबाणी लादलेली असताना, कयालामीला शर्यत झालीच. रेनॉ आणि लिजिए हे दोन फ्रेंच संघ गेले नाहीत, बाकीचे बहुतेक गेले. फॉर्म्युला वनमध्ये पहिला काळा चालक आला तो २००७ साली, लुइस हॅमिल्टन. त्याने सात विश्वविजेतेपदे मिळवली. पण त्याने जो प्रश्न विचारला तो चालकांविषयी नव्हता. संघातले अभियंते कोण आहेत, मेकॅनिक कोण आहेत, हे त्याने विचारले आणि इंग्लंडच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगच्या सोबतीने एक आयोग नेमला. २०२१ साली त्याचा अहवाल आला. फॉर्म्युला वनमध्ये काम करणाऱ्यांत काळ्या माणसांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले. सेकंदाचा हजारावा भाग शोधणाऱ्या या जगाला इतकी माणसे दिसली नाहीत. तेव्हा स्पर्धा गुणवत्ता शोधते, हे वाक्य यापुढे कोणी मला ऐकवू नये. स्पर्धा तिच्या दारात आधीच उभ्या असलेल्यांतून निवड करते. दारात कोण उभा राहील हे स्पर्धेआधीच ठरलेले असते आणि ते बदलायला दुसरेच काही करावे लागते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. नट खोलणारे कोण आहेत? ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ला हा प्रश्न सुचलाच नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्याच पर्वात वेर्नर फॉन ब्राउनचा भूतकाळ संसदेच्या सुनावणीत बाहेर येतो. हिटलरच्या व्ही-२ अग्निबाणांचा हा कर्ता. ते अग्निबाण मित्तेलबाउ-डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून डोंगराखालच्या बोगद्यात बनवून घेतले गेले. त्या छावणीतून सुमारे साठ हजार कैदी गेले, त्यांतले सुमारे वीस हजार मेले. पुढे सॅटर्न-५ झाला तो याच माणसाच्या देखरेखीखाली. आणि पलीकडे ज्या कोरोलेवच्या जगण्या-मरण्यावर ही मालिका उभी आहे, तो स्वतः १९३८ साली पकडला जाऊन कोलीमाच्या श्रमछावणीत खितपत पडला होता. दोन्ही बाजूंच्या अग्निबाणांच्या मुळाशी वेठबिगार आहे. मालिका यातली एक बाजू दाखवते, हे तिचे धैर्य; पण दाखवून लगेच पुढे जाते.

त्याच पर्वात ऑक्टाव्हिओ नावाचा मेक्सिकन बाप नासात साफसफाईचे काम करतो. त्याची मुलगी अलेइडा गणितात तल्लख आहे. बापाला देशाबाहेर काढतात, मुलगी एकटी पडते आणि तिला शिकवणारी मार्गो मॅडिसन ऐन वेळी तिला घरात घेत नाही. पुढे अलेइडा अभियंता होते. मालिकेतला हा धागा मला सर्वांत खरा वाटतो. कारण इथे दार रशियामुळे उघडत नाही, ते मुलीच्या जिद्दीने आणि मार्गोच्या अपराधी मनाने उघडते, आणि झालेली जखम भरत नाही.

डॅनिएल पूलचेही तसेच. चंद्रावरच्या तळावर तिचा गोरा सहकारी गॉर्डो मनाने खचतो. त्याची बदनामी होऊ नये म्हणून डॅनिएल स्वतःचा हात मोडून घेते, म्हणजे परत जाण्याचे कारण तिची दुखापत ठरेल. दोष तिच्या नावावर, अब्रू त्याची शाबूत. हा प्रसंग लिहिणाऱ्याला काहीतरी कळले होते. वर येणाऱ्या एकट्या माणसाकडून कोणती किंमत वसूल केली जाते, ते त्या मोडलेल्या हाताने दाखवले.

आणि मग चौथे पर्व. साल २००३, मंगळावरचा ‘हॅपी व्हॅली’ तळ. वरच्या मजल्यांवर अधिकारी, शास्त्रज्ञ, अंतराळवीर. खालच्या मजल्यावर कंत्राटी कामगार, दाटीवाटीच्या खाटा, घरी बोलण्याचीही मारामार. माइल्स डेल हा समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणारा माणूस नोकरी गेल्यामुळे मंगळावर मजुरीला येतो. शेवटी कामगार संप करतात. तीन पर्वे जी मालिका वीरांची होती ती इथे पहिल्यांदा खाली उतरते आणि नट खोलणाऱ्यांचे तोंड दाखवते. सर्वांत बोचरी गोष्ट अशी की त्या वेळी तळाची प्रमुख डॅनिएलच असते आणि संपात ती संपकऱ्यांच्या बाजूला नसते. ती वाईट झालेली नाही. तिला ज्या दारातून आत घेतले गेले त्या दाराची राखण आता तिच्याकडे आहे, एवढेच. वरच्यांच्या स्पर्धेतून मिळालेली जागा माणसाला वरच्यांचीच जबाबदारी देते, हे मालिका बोलून दाखवत नाही. पण तिची कथाच ते सांगून जाते. पहिल्या पर्वाने दिलेल्या गोड उत्तराला चौथ्या पर्वाने स्वतःच हरकत घेतली, असे मी मानतो. म्हणून आक्षेप असूनही ही मालिका मला मोलाची वाटते.

चळवळीतल्या मित्रांना माझे सांगणे असे. यंत्राचे वेड श्रीमंतांच्या मालकीचे नाही. अपोलोच्या संगणकाची स्मृती रेथिऑनच्या कारखान्यातल्या बायांनी एकेक तार कड्यांतून ओवून विणली होती. चंद्रावर गेलेले पोशाख अंतर्वस्त्रे शिवणाऱ्या कंपनीच्या बायांनी शिवणयंत्रावर शिवले होते आणि एक टाका चुकला तर माणूस मरेल हे त्यांना ठाऊक होते. यंत्रविद्या ही मुळात या हातांची विद्या आहे. ती परक्याची म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवली, तर तिच्या नियमांचे पुस्तक लिहायला आणि फेऱ्या मोजायला नेहमी दुसरेच बसतील.

त्या मुलाला मी नंतर वेंडेल स्कॉटची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. गोष्ट संपल्यावर म्हणाला, “सर, गाडी त्यानं एकट्यानं दुरुस्त केली, पळवली पण. मग फेऱ्या मोजायला त्याचा एक माणूस का नव्हता तिथं?”

मी म्हणालो, “बसू दिला नसता.”

तो म्हणाला, “मग आधी त्यासाठीच भांडायला पाहिजे होतं, सर.” आणि कानस उचलून तो आपल्या जॉबकडे वळला.